सुरेखाताई ऑनलाइन आहेत

९ जानेवारी

संक्रांत जवळ आली की माझा भाव वाढतो. सकाळी फोन उघडला तर माझ्या उखाण्यांच्या ग्रुपवर रांग. 'ताई, पहिली संक्रांत आहे, मिस्टरांचं नाव ओंकार.' 'ताई, सासूबाईंना आवडेल असा द्या, पण फार जुना नको.' 'ताई, नाव निखिल, बँकेत आहेत, तिळगूळ यायलाच हवा.' चहा गाळता गाळता ओंकारचा उखाणा झाला:

तिळगुळाच्या वडीला जमला पक्का पाक,
ओंकाररावांनी मारली मला हळूच हाक.

लगेच स्क्रीनवर लाल बदाम पडायला लागले. निखिलचा करायला घेतला तेवढ्यात पलंगावरून हाक. "गेटपास." मी म्हटलं, थांबा हं. निखिल बँकेत, म्हणजे खातं, ठेव, व्याज. परत "गेटपास, गेटपास." पाणी हवं होतं. नेऊन दिलं तर ग्लास भिंतीवर मारला. डाव्या हाताने. उजवा अजून उठत नाही.

दिवाळीनंतर ह्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, तेव्हापासून एवढा एकच शब्द शिल्लक आहे. सगळा जन्म महाप्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळण्यात गेला. गेटपासशिवाय एक स्क्रू बाहेर जाऊ दिला नाही कधी. आता भूक गेटपास, तहान गेटपास, संडास गेटपास, आणि माझा राग आला तरी गेटपास. डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं, असं डॉक्टर सांगतात. कळतं तेच वाईट.

काचा गोळा केल्या. मग निखिलचा पूर्ण केला. आधी काचा, मग निखिल, एवढं तरी बरोबर केलं.

१० जाने.

स्पीच थेरपीची मॅडम आली होती. मैथिली नाव. आमच्या पल्लवीपेक्षाही लहान असेल, पण ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि डोळ्यांत बघून बोलते. ह्यांना ती आवडते. तिच्यासमोर ग्लास फेकत नाहीत.

तिने परत समजावलं. "काकू, वाक्य अर्धं सोडायचं आणि थांबायचं. काका, तुम्हाला हवा गरम गरम… आणि थांबायचं. ते शब्द शोधत असतात. शोधू द्या. तुम्ही लगेच चहा म्हणून मोकळ्या होता." हे पहिले काही महिने फार महत्त्वाचे, मग सुधारणा हळू होत जाते, हेही सांगितलं. मागच्या वेळीही सांगितलं होतं.

जाताना चपला घालत म्हणाली, "आणि काकू, तो मोबाइल…" वाक्य अर्धं सोडलं आणि थांबली. मला पूर्ण करता आलं असतं. केलं नाही.

१२ जाने.

ह्यांच्या हाताखालचा शिंदे फळं घेऊन आला होता. कोरेगावकडचा, ह्यांच्याच भागातला. दारातून नुसतं "साहेब" म्हणाला, तर ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चादर वर ओढली. ओठाची उजवी बाजू खाली ओघळली आहे, लाळ येते. कंपनीतल्या कुणी बघायला नको. पहिल्या दिवसापासून हेच आहे. हॉस्पिटलमध्येसुद्धा पल्लवीला हाताने खूण करून दार लावायला लावायचे.

शिंदे हॉलमध्येच बसला. चहा घेतला. "वहिनी, साहेबांचा आवाज लई मिस करतोय बगा. स्टोअर एकदम गार पडलंय." मी दोन वाक्यं बोलले आणि फोन वाजला म्हणून बघितला. सोलापूरच्या कुणाला डोहाळजेवणासाठी हवा होता. मान वर केली तेव्हा शिंदे उठून चपला घालत होता.

१३ जाने., भोगी

भोगीची भाजी केली. बाजरीची भाकरी कुस्करून भरवली. निम्मी खाल्ली.

पल्लवीचा पुण्याहून फोन. "आई, बाबा आज काय बोलले?" तेच. "तू काय बोललीस त्यांच्याशी?" मी भोगीच्या भाजीचं सांगायला लागले. मग म्हणाली, "तुझ्या ग्रुपवर मात्र सकाळपासून तू नुसती सुटली आहेस. दर पाच मिनिटांनी दिसतेस. त्या बायकांना तू ओळखतेस तरी का?"

मी म्हटलं, त्या मला ओळखतात.

रागात म्हटलं, पण खोटं नाही. ह्या घरात एक माणूस आहे आणि तो बोलत नाही. फोनमध्ये हजारो आहेत आणि त्या बोलतात. 'ताई, तुमचा उखाणा घेतला, सासरचे सगळे खूश.' 'ताई, जेवलात का?' मला जेवलात का हे कोण विचारतं? भांडी घासताना वाटतं, आत्ता कुणीतरी काहीतरी विचारलं असेल. हात पुसून बघते. विचारलेलं असतंच.

पण एक गोष्ट आज भाकरी थापताना डोक्यात आली ती जात नाहीये. मी लिहिलेला प्रत्येक उखाणा कुणाच्या तरी नवऱ्याच्या कानावर पडतो. माझ्या नवऱ्याच्या कानावर दिवसभर काय पडतं? थांबा हं.

१४ जाने., संक्रांत

आज बोलले.

देवाला दाखवून ह्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. सवयीने मी म्हणाले, तिळगूळ घ्या, गोड… आणि माझ्याच तोंडात लाडू होता म्हणून थांबले. मुद्दाम नाही. लाडू होता म्हणून.

तर हे म्हणाले, "बोला."

स्पष्ट. ब जरा जड, पण बोला. त्यांनाच धक्का बसला. डोळे मोठे झाले. मी परत म्हटलं, तिळगूळ घ्या, गोड… परत, "बोला." मग दोघंही रडलो, लाडू सांडला. पल्लवीला फोन केला, तर ती ऑफिसात सगळ्यांसमोर रडली. मॅडमला केला, ती म्हणाली, "काकू, बघा. थांबलात."

आज दिवसभर ग्रुपवर गेले नाही. संध्याकाळी थोडा वेळ गेले.

१६ जाने.

मॅडम म्हणते, पाठ झालेलं आधी बाहेर येतं. पाढे, आरती, लहानपणी घोकलेलं काहीही. सुटा शब्द अवघड, पण ओळीला धरून शब्द येतो. "काकांना एखादा उखाणा येतो का? तुमच्या घरी काय तोटा."

येतो. एकच. आमच्या लग्नात घास भरवताना बायकांनी अडवलं होतं, नाव घ्या म्हणून. घामाघूम झाले, कान लाल, आणि मग एका दमात:

पाटीवर मास्तरांनी ओढल्या रेखा,
माझ्या बायकोचं नाव सुरेखा.

मांडव हसून लोळला. माझी मावशी म्हणाली, मास्तरांनी रेखा ओढल्या म्हणजे नापासच झाला असणार हा. पुढे कितीतरी वर्षं हळदीकुंकवाला मला त्यावरून चिडवायचे. मी उखाणे करायला लागले ती त्या लाजेपायीच, घरात एकाला तरी धड यमक जुळवता यावं म्हणून.

आणि सुरेखा हे नावही त्यांचंच. माहेरी मी मंदा. लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठी धरून ह्यांनी नवीन नाव लिहिलं. सासूबाईंना दुसरं हवं होतं, गौरी की काहीतरी. ह्यांनी कुणाला न विचारता सुरेखा लिहिलं. माहेरचं एकेक माणूस गेलं, आता मंदा म्हणणारं कुणी राहिलं नाही. ह्यांना सुरेखा म्हणता आलं नाही तर मग मी कोण?

उद्यापासून रेखा.

१९ जाने.

तीन दिवस नुसतं मास्तर, पाटी, रेखा. मी म्हणते, माझ्या बायकोचं नाव… आणि थांबते. ते ओठ हलवतात. कपाळावर शीर दिसते. मग "गेट…" म्हणून स्वतःवरच चिडतात आणि गप्प होतात.

थांबणं इतकं कठीण असेल असं वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघवत नाही. रिकाम्या वेळात हात आपोआप फोनकडे जातो. नुसतं एक नजर टाकायची. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचा सीझन, मेसेज थांबत नाहीत.

आज दुपारी. मी म्हटलं, माझ्या बायकोचं नाव… आणि वाट बघता बघता फोन घेतला. कऱ्हाडची एक होती, नवऱ्याचं नाव मिलिंद, घाईत होती, पाहुण्या दारात आल्या म्हणे. मी टाइप करत होते.

"सुरेखा."

ऐकलं. मान वर केली. तोवर ओठ मिटले होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी फोनकडे बघत होते हे त्यांनी बघितलं होतं.

म्हटलं, अहो, परत म्हणा. परत म्हणा ना. म्हणाले नाहीत. डोळे मिटून पडले. मिलिंदचा उखाणा अर्धा तसाच गेला, तिकडून अंगठा आला.

माझं नाव घेताना त्यांचा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. हे मी मरेपर्यंत मला माहीत असणार नाही.

२० जाने.

आज मिळवलंच. फोन डब्याला टेकवून समोर ठेवला, व्हिडिओ चालू करून. म्हटलं, आता सुटायला नको. ह्यांचा शर्ट बदलला, भांग पाडला, तोंड पुसलं. फोन बघून त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, पल्लवीला दाखवायचंय हो. तेव्हा मनात तेच होतं. बहुतेक तेच होतं.

कितीदा म्हटलं कोण जाणे. पाटीवर, पाटीवर, पाटीवर. ते दमले. लाळ आली, मी पुसायला उठले नाही, फ्रेममध्ये येईन म्हणून. शेवटी आलं. तुटक. "सु… रे… खा." आणि लगेच माझ्याकडे बघितलं, झालं का एकदाचं, अशा नजरेने.

पल्लवीला पाठवला. तिने रडका चेहरा पाठवला आणि लिहिलं, 'आई, हा आपल्यातच ठेव.'

२१ जाने.

ग्रुपवर टाकला.

का टाकला ते लिहून काढायचा प्रयत्न करतेय. सकाळी एकीने लिहिलं होतं, ताई, तुम्ही सगळ्यांना उखाणे देता, तुमच्या मिस्टरांनी कधी तुमच्यासाठी घेतला का? मला वाटलं दाखवावं. एवढंच. घेतला, बघा. सगळ्या जगाने माझा उखाणा घेतला, माझ्यासाठी एकाने घेतला, तो बघा.

आत्ता दुपार आहे. बदाम मोजवत नाहीत. ग्रुप सगळ्यांना खुला, अमेरिकेतून, बेळगावातून, कुठून कुठून. 'ताई, तुम्ही सावित्री आहात.' 'असं प्रेम आता राहिलं नाही.' 'काकांना दंडवत.' एकीने न ऐकताच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून टाकलं. ते मी पटकन काढलं.

ह्यांना आज गुरगुट्या भात दिला. थोडा गार झाला होता.

२३ जाने.

सोसायटीत हळदीकुंकू. मी शिरले तर सगळ्या उठून उभ्या राहिल्या. सगळ्यांनी व्हिडिओ बघितलेला. चौथ्या मजल्यावरची, जी लिफ्टमध्ये बघून न बघितल्यासारखं करते, तिने मिठी मारली. मग अर्थातच, सुरेखाताई, तुमचा तर व्हायलाच हवा. मी घरून करून गेले होते:

हलव्याचे दागिने, साडी चंद्रकळा,
जयवंतरावांच्या एका शब्दाने फुलला माझा मळा.

टाळ्या. एकीने त्याचाही व्हिडिओ घेतला. खोटं का लिहू, सुख वाटलं. दिवाळीपासून पहिल्यांदा.

घरी आले. ह्यांच्याजवळ बसायला खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजींना ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, सारखे दाराकडे बघत होते गं.

२४ जाने.

हिरा मासळी घेऊन आली. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली, वर्षानुवर्षं येते. आजारपणात मॅडम आणि कुलकर्णी आजी सोडल्या तर बाहेरच्या माणसांपैकी ह्यांना ती एकटीच चालते, कारण तिने कधी विचारलंच नाही, येऊ का म्हणून. सरळ आत येऊन टोपली टेकवते, दादा, आज बोंबील ताजं हाय, म्हणते. पूर्वी दोघांची घासाघीस खालपर्यंत ऐकू जायची.

आज बसली आणि हसून म्हणाली, "दादा, तुमी तं मोबाइलमदी आलाव. माजे सुनंनी दाखवलं. बायकोचं नाव कवरं गोर घेतलं. आमचे घरान समदी रडली."

तिला काय माहीत. तिने प्रेमानेच सांगितलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोंबील निवडायला लागले. ती गेल्यावर डावा हात पुढे केला. तळवा वर. फोन दे. मी म्हटलं, अहो, काही नाही हो, पल्लवीने… हात तसाच.

दिला. बघितला. वाकडं तोंड, लाळ, गळ्याशी माझा रुमाल, आणि मागून माझा आवाज, म्हणा, म्हणा ना, परत म्हणा. पूर्ण बघितला. मग अंगठ्याने वर सरकवत खालचं वाचत गेले. त्यांना वाचता येतं किती ते मॅडमलाही नीट कळलेलं नाही. मला आज कळलं. एका ठिकाणी थांबले. मी वाकून बघितलं. शिंदेचं नाव होतं.

फोन उलटा करून चादरीवर ठेवला. फेकला असता तर बरं झालं असतं.

बोंबील तसेच राहिले. कालवण केलं नाही.

२५ जाने.

एक शब्द नाही. गेटपाससुद्धा नाही.

तहान लागली तरी नाही. मी दर थोड्या वेळाने पाणी नेते, घेतात. बाथरूमचं कळलं नाही, चादर ओली झाली. माझ्या अंगावर भार टाकून उठले, पण डोळ्यांत बघितलं नाही.

२६ जाने.

नाही.

२७ जाने.

व्हिडिओ काढून टाकला. मला वाटलं काढला की गेला. कुणीतरी त्याला खालून गाणं लावलंय, रडकं. कुणी वर लिहिलंय, खरं प्रेम बघायचं असेल तर शेवटपर्यंत बघा. मी ज्यांना विनवलं, ताई, प्लीज काढा, त्यांतल्या एकीने काढला. दुसरी म्हणाली, अहो, इतकं छान आहे, लोकांना प्रेरणा मिळते. आणखी एका पानावर तो आहे, त्याचा मालक कोण तेच कळत नाही.

शिंदेचा फोन आला. भीत भीत उचलला. "वहिनी, साहेबांना बगून लई बरं वाटलं. आमच्या कंपनीच्या ग्रुपवर फिरतोय. पोरं म्हणत्यात, साहेबांनी गेटपाससाठी आमाला किती रडवलं, आणि आज असं रडवलं." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार. ह्यांनी भिंतीकडे तोंड करून ज्याला आत येऊ दिलं नाही, त्याच्या खिशात मी ह्यांना नेऊन ठेवलं.

हे ऐकत होते. फोन स्पीकरवर नव्हता, पण शिंदेचा आवाज मोठा.

२९ जाने.

पल्लवी आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच सुरू झाली.

"आई, तू बाबांना विचारलंस का?"

"ते काय सांगणार होते?"

"तेच तर."

मग तीही रडली, मीही. म्हणाली, "मला वाटायचं तू एकटी पडली आहेस म्हणून ग्रुपवर असतेस, म्हणून मी फार बोलले नाही. पण एकटे ते आहेत गं." मी उलट बोलले, नको ते बोलले. तू पुण्याला राहून फोनवर बाप सांभाळतेस, मी इथे संडास काढते, असंही बोलले. खरं होतं आणि बोलायला नको होतं.

तिने बाबांचा हात धरून खूप वेळ काहीबाही सांगितलं, ऑफिसचं, रूममेटचं. त्यांनी तिचा हात दाबला. तिच्याशीही बोलले नाहीत.

जाताना तिने माझा फोन मागितला नाही. मीच दिला. तिने नुसती मान हलवली. "मी घेऊन काय होणार? तू ठेव बाजूला."

१ फेब्रु.

मैथिली मॅडम. सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने ह्यांच्यासमोर बसून चित्रं दाखवली, तिळगूळही म्हणून पाहिलं. ह्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, औषध नको असलेल्या पोरासारखे.

बाहेर आल्यावर म्हणाली, "काकू, गेलं नाहीये. शब्द आहेत. ते देत नाहीयेत." मी विचारलं, किती दिवस? तर म्हणाली, सांगता येत नाही, पण न बोललेले दिवस परत मिळत नाहीत. हे तिने हळू सांगितलं, तरी कानात अजून वाजतंय.

मग मी विचारलं ते विचारायला नको होतं. हे माझ्यामुळे का? "काकू, तुम्ही…" एवढंच म्हणाली. थांबलीसुद्धा नाही. फाइल घेऊन गेली.

३ फेब्रु.

फोन गव्हाच्या डब्यात ठेवला. वर झाकण, झाकणावर वरवंटा. पल्लवीला आणि मॅडमला लँडलाइन नंबर दिला, तो बंद पडलाय की काय ते आधी बघून घेतलं. चालू आहे. धूळ पुसली.

सकाळपासून दोनदा झाकण उघडलं. गव्हात हात घातला आणि काढला. हसू येतं आणि आपलीच शिसारी येते. वैनगंगेच्या काठी कुणीतरी मुलगी ओटीभरणाला बसली असेल, नाव घ्यायला अडली असेल. अडू दे. नसेल अडली तर? मी नसले तर कुणाचं काही अडत नसेल तर? म्हणजे इतकी वर्षं…

हाच विचार नको म्हणून मी फोन हातात धरत होते का?

त्या बायका खोट्या नव्हत्या. प्रेमाने बोलायच्या. पण त्यांतल्या एकीलाही माहीत नाही की ह्यांना चहात आलं चालत नाही, की झोपेत डावा पाय उशीवर लागतो. मला माहीत आहे. मला एवढंच माहीत आहे, आणि माझा दिवस मी सगळा तिकडे दिला.

घरात इतकी शांतता आहे की फ्रिज बंद-चालू झालेला कळतो. मी ह्यांच्याजवळ बसून म्हणते, पाटीवर मास्तरांनी… नाही, ती ओळ आता नाही म्हणत. तोंडाला येतच नाही. नुसती बोलते. आज काय भाजी आणली, खाली पाइप फुटला, कुलकर्णी आजींचा नातू पडला. वाक्य अर्धं सोडते. थांबते. ते गॅलरीकडे बघतात. तरी थांबते. मग दुसरं वाक्य.

माफी मागितली. रोज मागते. त्यालाही उत्तर नाही. माफीचं वाक्य अर्धं सोडता येत नाही.

५ फेब्रु.

हिरा आली होती. दारातच थांबली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. "वैनी, मी बोलले ते चुकले काय?" मी म्हटलं, नाही गं बाई, तू नाही. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मान हलवली. तिच्यासाठी हलवली. मी दाराआडून बघितलं.

आज वाटलं, उरलेलं आयुष्य हे असंच जाणार. एका घरात दोन माणसं, एक बोलू शकत नाही आणि दुसरीशी कुणी बोलत नाही. जगणं नको वाटलं. लिहून ठेवते म्हणजे उद्या वाचून लाज वाटेल.

८ फेब्रु.

सकाळी. ह्यांना खुर्चीत बसवलं, गॅलरीच्या दाराशी, ऊन येतं तिथे. मी समोर टीपॉयवर ताट घेऊन तांदूळ निवडायला बसले. काही म्हटलं नाही. ओळ नाही, वाक्य नाही. दमले होते.

ह्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं पाणी. तर हात ताटात. तळव्याने तांदूळ पसरले, सावकाश, कडेपर्यंत. मग एक बोट टेकवलं आणि वरून खाली ओढलं. उभी रेघ. वाकडी आहे. ताटाचा तळ दिसतोय त्यातून.

माझा हात आपोआप बाजूला फोन चाचपायला गेला. तिथे नव्हता. हात मांडीवर ठेवला.

म्हटलं, अहो… आणि पुढे काही म्हटलं नाही.

स ची उभी रेघ असेल. नाहीतर नुसताच हात फिरवला असेल. डावा हात आहे, त्याला लिहायची सवय नाही. रेघेपाशी बोट थांबलंय. ते माझ्याकडे बघत नाहीत, ताटाकडे बघतायत. कपाळावर ती शीर आहे.

कुकर लावायचा राहिला. लावायचा कशाचा, तांदूळ तर ताटात.

हे मी वही गुडघ्यावर धरून लिहितेय, ताटाला धक्का लागू नये म्हणून. आणि आत्ता लक्षात आलं, मी परत खाली बघतेय.

बोट अजून तांदळातच आहे. वही ठेवते.